खात्यात पैसे नाहीत म्हणून दंड : मिनिमम बॅलन्स आणि हप्ता बाउन्सचे चार्ज परत कसे मिळवायचे?

अंबडलिंकरोड

नाशिकच्या सातपूर-अंबडला कंत्राट संपलं की कामगाराचं पगार खातं तसंच मागे राहतं. काही महिने पगार जमा झाला नाही की बँक ते साध्या बचत खात्यात बदलते. शून्य शिलकीची सवलत जाते आणि किमान शिलकीचा दंड सुरू होतो. त्यातच गाडीचा किंवा मोबाइलचा हप्ता परत गेला की त्याचा वेगळा दंड, आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. नवीन काम लागून पहिला पगार आला की मागचं सगळं एकदम कापलं जातं. ज्या महिन्यात घरभाडं आणि किराणा भागवायचा, नेमक्या त्याच महिन्यात.

तीन प्रश्न आहेत. कापलेले पैसे परत मिळतात का? 'नोकरी गेली आहे, अडचण आहे' हे कारण बँक मानते का? आणि अर्ज कुणाकडे, कसा? ज्यांना हा विषय नीट माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा. सिडको-सातपूर पट्ट्यात याची गरज असलेली बरीच घरं आहेत.

पंचवटीकर

शाखेत जाऊन मॅनेजरला भेटायचं. माणूस चांगला असेल तर करतो परत. बाकी नियमबियम सगळं कागदावर.

खतावणी

पंचवटीकर, भेटा जरूर, पण तोंडी बोलणं तिथेच विरतं. मॅनेजरची बदली झाली की विषय संपला. कागदावरचा नियमच इथे कामाला येतो, म्हणून तो आधी सांगतो.

रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. बचत खात्यात किमान शिल्लक नसेल तर दंड कसा लावायचा, एवढाच त्याचा विषय. त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा.

शिल्लक कमी पडली की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं: एका महिन्यात शिल्लक पूर्ण करा, नाहीतर दंड लागेल. हा महिना सूचनेच्या तारखेपासून मोजायचा. तो संपण्याआधी दंड लावता येत नाही.

दंड तुटीच्या प्रमाणात हवा. किमान शिल्लक आणि प्रत्यक्ष सरासरी यांतल्या फरकावर ठरावीक टक्के. टप्पे पाडायला परवानगी आहे, पण ५० रुपये कमी पडले तरी ५०० आणि ५,००० कमी पडले तरी ५००, असं चालत नाही.

दंड वाजवी हवा, म्हणजे ती सेवा द्यायला बँकेला जो सरासरी खर्च येतो त्याच्याशी सुसंगत.

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. निव्वळ या दंडामुळे खातं उणे शिलकीत जाता कामा नये. पासबुकात वजा ३५४ दिसतंय आणि त्याआधीच्या नोंदी फक्त दंडाच्याच आहेत, तर ती नोंद सरळ नियमाविरुद्ध आहे.

जमाखर्च

खतावणीकाकांच्या मुद्द्याला हिशेबाची जोड देते, कारण मासिक सरासरी शिल्लक म्हणजे काय इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. रोज रात्री खात्यात जी रक्कम राहते त्या सगळ्या रकमांची बेरीज भागिले महिन्याचे दिवस. एखाद्या दिवशी शिल्लक शून्य झाली म्हणून लगेच दंड लागत नाही.

किमान शिल्लक ५,००० आणि महिना ३० दिवसांचा, तर रोजच्या शिलकींची बेरीज दीड लाख भरली पाहिजे. ३०,००० रुपये नुसते पाच दिवस खात्यात राहिले आणि उरलेले पंचवीस दिवस शून्य, तरी अट पूर्ण झाली. त्यामुळे कुठूनही मोठी रक्कम आली की पहिल्याच दिवशी सगळी काढू नका. चार-पाच दिवस राहू द्या, शक्य असेल तेव्हा.

आता दंड. समजा सरासरी ३,२०० निघाली. तूट १,८००. बँकेच्या दरपत्रकात ६ टक्के लिहिलं असेल तर १०८ रुपये, त्यावर जीएसटी १९.४४, एकूण १२७.४४. खात्यातून याहून जास्त गेलं असेल तर हा हिशेब कागदावर मांडून सोबत जोडा. दरपत्रक बँकेच्या साइटवर 'सेवा शुल्क' या भागात असतं. ज्या महिन्याचा दंड, त्या महिन्याला लागू असलेलं दरपत्रक घ्या. दर मधेच बदलतात.

निफाडी_मणी

इकडे द्राक्षवाल्यांचं वेगळंच. पैसा येतो फेब्रुवारी ते एप्रिल. ऑक्टोबर छाटणीपासून नुसता जातो. कांद्याची पट्टी मिळाली तर मधे थोडं काही. काही बँका सरासरी महिन्याची न धरता तिमाहीची धरतात, तिथे ऑक्टोबर-डिसेंबर हमखास तुटीत. मग शेतकऱ्याने करायचं काय? वर्षभर पाच हजार अडकवून ठेवायचे?

खतावणी

नाही, अडकवायची गरज नाही. मूलभूत बचत ठेव खातं मागा. शाखेत त्याला 'बेसिक खातं' किंवा 'बीएसबीडी' म्हणतात. किमान शिलकीची अटच नाही. एटीएम कार्ड फुकट, त्याला वार्षिक आकार नाही. पैसे कितीही वेळा जमा करा. महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं विनाशुल्क. जनधन खाती याच प्रकारची.

चालू असलेलं साधं खातं लेखी अर्ज देऊन याच प्रकारात बदलता येतं, खाते क्रमांक बदलायचं कारण नाही. अट एकच: त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, असेल तर ३० दिवसांत बंद करावं लागतं.

काउंटरवर कधी कधी सांगतात की यात ५०,००० च्या वर ठेवता येणार नाही. ती मर्यादा अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेल्या 'छोट्या' खात्याची. पूर्ण केवायसी असेल तर ती लागू नाही.

नाशिकरोड_लोकल

स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच बचत खात्यांची किमान शिलकीची अट काढली. कॅनरा बँकेने जून २०२५ पासून, पंजाब नॅशनल आणि बँक ऑफ बडोदाने जुलै २०२५ पासून. म्हणजे आता हा प्रश्न मुख्यतः खासगी बँकांचा.

जमाखर्च

नव्या महिन्यांपुरतं बरोबर. पण अट काढली म्हणून आधी कापलेला दंड आपोआप परत येत नाही. शिवाय बडोद्याने काही प्रीमियम खात्यांची अट ठेवली आहे. पासबुकावर खात्याचा प्रकार छापलेला असतो, तो पाहा.

वकीलगल्ली

वर उणे शिलकीबद्दल जे लिहिलं आहे त्यात थोडा मतभेद नोंदवतो. बँका आता खातं उणे दाखवतच नाहीत. दंड 'येणे' म्हणून बाजूला लिहून ठेवतात आणि पैसे आले की कापतात. परिपत्रकाचे शब्द फक्त 'उणे होऊ नये' असे आहेत. साठवून नंतर वसूल करू नये असं त्यात स्पष्ट म्हटलेलं नाही. त्यामुळे निव्वळ त्या मुद्द्यावर तक्रार उभी केली तर बँक निसटेल.

ग्राहकदूत

शब्दांपुरतं मान्य, वकीलसाहेब. पण साठवलेल्या दंडावरच पकड घट्ट बसते. आठ महिन्यांचा दंड एका दिवशी कापला असेल तर त्यातल्या एकेका महिन्याची सूचना कधी दिली, हे बँकेला दाखवावं लागतं. बंद पडलेल्या नंबरवर एसएमएस गेले असतील, किंवा सूचनेचा एसएमएस आणि कपात एकाच आठवड्यातली असेल, तर नियमाप्रमाणे महिन्याची मुदत मिळालेलीच नाही. म्हणून अर्जात 'दंड अन्यायकारक आहे' असं लिहिण्याऐवजी 'सूचनेची तारीख द्या' असं लिहावं. या प्रश्नाला गोलमोल उत्तर देता येत नाही.

अंबडलिंकरोड

ग्राहकदूत, मग अर्जाचा मजकूरच इथे द्याल का? लोकांना जसाच्या तसा उतरवून घेता येईल असा.

ग्राहकदूत

देतो. आधी पूर्ण काळाचं खाते उतारा-पत्रक काढा, पासबुकावर भागवू नका. बरेच दिवस छापलं नसेल तर पासबुकात अनेक नोंदी एकत्र करून एकच ओळ येते आणि तारखा हरवतात. उताऱ्यात 'एएमबी चार्ज', 'मिन बॅल' (किमान शिलकीचा दंड) आणि 'नॅच रिटर्न', 'ईसीएस रिटर्न' (आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेल्याचा आकार) अशा नोंदींवर खूण करा. दंडाच्या नोंदी वेगळ्या, हप्ता परतीच्या वेगळ्या. मग अर्ज:

*प्रति, शाखा व्यवस्थापक.*
*विषय: बचत खात्यातून कापलेला किमान शिलकीचा दंड परत मिळणेबाबत.*
*माझ्या खात्यातून सोबतच्या तक्त्यातील तारखांना दंड कापण्यात आला आहे. प्रत्येक कपातीआधी एक महिन्याची मुदत देणारी सूचना पाठवली असल्यास तिची तारीख, माध्यम व ज्या क्रमांकावर किंवा पत्त्यावर ती पाठवली तो तपशील लेखी द्यावा. तशी सूचना दिलेली नसल्यास ती रक्कम जीएसटीसह खात्यात परत जमा करावी.*
*माझे वेतन अमुक तारखेपासून बंद आहे. पुरावा जोडला आहे. रीतसर सूचना दिलेल्या महिन्यांचा दंडही या कारणास्तव माफ करावा, ही विनंती.*
*आजपासून हे खाते मूलभूत बचत ठेव खात्यात बदलावे.*

पहिला परिच्छेद हक्काचा, दुसरा विनंतीचा. दोन्ही एकत्र कालवू नका. सगळा अर्ज विनंतीचा केला की बँक दोन महिन्यांचा दंड परत करून 'सद्भावना म्हणून दिले' असं लिहून मोकळी होते.

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का देत नसतील तर बँकेच्या तक्रार निवारण ईमेलवर पाठवा किंवा ॲपमधून तक्रार टाकून तिचा क्रमांक लिहून ठेवा. नुसत्या फोनवरच्या तक्रारीवर विसंबू नका, पुढे लेखी नोंदच मागतात.

सुरगाणा_वाट

वेतन बंद असल्याचा पुरावा म्हणजे काय जोडायचं? कंत्राटी कामगाराला कुणी पत्र देत नाही.

ग्राहकदूत

पीएफ कापला जात असेल तर ईपीएफओचं पासबुक काढा. कोणत्या महिन्यापासून भरणा थांबला ते त्यात महिनावार दिसतं. पीएफ नसेल तर खाते उताराच पुरावा: पगाराची शेवटची नोंद, त्यानंतर काही नाही. आजारपण असेल तर डिस्चार्ज कार्ड. शेतकऱ्याने पंचनाम्याची किंवा नुकसान भरपाईच्या यादीची प्रत जोडावी.

टेम्सकाठी

इंग्लंडहून लिहितोय. नेटवर 'हार्डशिप'च्या नावाने ओव्हरड्राफ्ट चार्ज परत मागायचे तयार मसुदे सापडतात, ते इथले आहेत. कृपया नाशिकच्या शाखेत देऊ नका. इथे २५ नोव्हेंबर २००९ ला सुप्रीम कोर्टाने बँकांच्या बाजूने निकाल दिला आणि 'चार्ज अवाजवी आहेत' या मुद्द्यावरचे सरसकट दावे थांबले. मग आर्थिक अडचण हाच मुख्य आधार उरला, कारण अडचणीतल्या ग्राहकाशी सहानुभूतीने वागणं इथल्या नियमांतच आहे. एप्रिल २०२० पासून ओव्हरड्राफ्टवरचे ठोक दंडही बंद होऊन फक्त व्याजदर राहिला. भारतातल्या तक्रारीला यातलं काहीच लागू होत नाही.

खतावणी

टेम्सकाठी, हे सांगितलंत ते फार बरं झालं. धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. अडचण आहे म्हणून दंड परत करायलाच हवा असा हक्क आपल्याकडे नाही. अडचण हे विनंतीचं कारण. हक्क उभा राहतो सूचना, प्रमाण आणि उणे शिल्लक यांवर.

पंचवटीकर

आणि हप्ता बाउन्सचं काय? तो तर महिन्यातून दोन-तीनदा कापतात. मिनिमम बॅलन्सपेक्षा तोच जास्त जातो.

जमाखर्च

हा भाग वेगळा आहे आणि २०१४ चं परिपत्रक इथे चालत नाही. हप्ता परत गेला की दोघं पैसे घेतात: तुमची बँक 'नॅच रिटर्न'चा आकार आणि कर्ज देणारी कंपनी 'बाउन्स चार्ज'. वर कंपनीचा थकबाकीचा दंड. तिन्हींचे अर्ज वेगळे.

बँकेकडे विचारा की एकाच हप्त्याची मागणी महिन्यात किती वेळा आली आणि दरवेळी आकार का लावला. कंपनी हप्ता ५ तारखेला मागते, मग १० ला, मग १५ ला. खात्यात पैसे नाहीत हे माहीत असूनही. त्यामुळे कंपनीला लेखी कळवा: अमुक तारखेपर्यंत मागणी पाठवू नका, मी रक्कम ॲपवरून किंवा शाखेत भरतो. हप्त्याची तारीख पगाराच्या तारखेपुढे ढकलून मागा, हे बहुतेक कंपन्या करतात.

कंपनीकडून कर्ज खात्याचा उतारा घ्या, हप्त्यांची नुसती यादी नको. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला थकबाकीच्या दंडाचे नियम बदलले. नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून लागू, जुनी कर्जं ३० जून २०२४ पर्यंत त्यात आणायची होती. दंड व्याजाच्या रूपात लावायचा नाही, 'दंड शुल्क' म्हणून वेगळा दाखवायचा आणि त्या शुल्कावर पुढे व्याज चढवायचं नाही. उताऱ्यात दंड मुद्दलात मिसळून पुढच्या महिन्याचं व्याज वाढलेलं दिसलं तर ती रक्कम परत मागा. या दंड शुल्कावर जीएसटी लागत नाही, तसं २८ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. कर्ज देणाऱ्याने लावला असेल तर तोही परत मागा.

निफाडी_मणी

मग हप्ता कापायची बँकेला दिलेली संमती, म्हणजे नॅचचा मॅन्डेटच रद्द केला तर? कटकटच संपली.

वकीलगल्ली

असं करू नका, म्हणजे निदान तेवढ्यावर थांबू नका. मॅन्डेट बँकेतून रद्द करता येतो. त्यासाठी यूएमआरएन हा मॅन्डेटचा क्रमांक लागतो, तो बँकेच्या ॲपमध्ये मॅन्डेटच्या यादीत दिसतो. बँकेचा आकार थांबेल, कर्ज मात्र थांबत नाही. पैशांअभावी हप्ता परत जाणं हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ च्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखाच गुन्हा आहे. आधी कंपनीशी लेखी तडजोड, मग मॅन्डेट. फेडून संपलेल्या कर्जाचा मॅन्डेट मात्र आजच रद्द करा.

नाशिकरोड_लोकल

अजून एक गळती. मेच्या शेवटच्या आठवड्यात जीवनज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये आपोआप जातात. एकाच माणसाच्या दोन-तीन बँकांतून जीवनज्योतीचा हप्ता जात असेल तर संरक्षण एकाच पॉलिसीचं मिळतं. एक ठेवा, बाकीच्या बँकांत संमती मागे घेतल्याचा अर्ज द्या. विमा पूर्ण बंद करू नका.

सुरगाणा_वाट

शिष्यवृत्तीच्या खात्यांबद्दलही सांगा. पेठ-सुरगाण्याची मुलं नाशिकला शिकायला येतात, खातं गावाकडचं असतं आणि वर्ष-वर्ष त्यात व्यवहार नसतो.

खतावणी

दोन वर्षांहून जास्त काळ ग्राहकाने स्वतः व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. १ एप्रिल २०२४ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा सुरू करायलाही आकार नाही. शिष्यवृत्ती किंवा सरकारी अनुदानासाठी उघडलेली शून्य शिलकीची खाती बँकेने वेगळी ठेवायची असतात, म्हणजे व्यवहार नसले तरी अनुदान अडत नाही. तसं खातं चुकून साध्या प्रकारात टाकलं असेल तर शाळा-कॉलेजचं पत्र जोडून दुरुस्ती मागा.

अंबडलिंकरोड

आता शेवटचा टप्पा. बँकेने अर्जाला उत्तरच दिलं नाही किंवा नाही म्हटलं, तर?

ग्राहकदूत

अर्जाच्या तारखेपासून ३० दिवस मोजा. उत्तर आलं नाही, किंवा नकार आला, किंवा अर्धवट पैसे आले, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, नाशिकहून कुठे जायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर मोबाइल ओटीपीने तक्रार टाका. नेट जमत नसेल तर कागदी तक्रार चंदीगडच्या केंद्रात पोस्टाने जाते, शंका असेल तर १४४४८ वर मराठीत विचारता येतं.

तक्रारी इथे पडतात त्या ठरलेल्या कारणांनी. बँकेला आधी लिहिलेलं नसतं. ३० दिवस व्हायच्या आत टाकलेली असते. अर्जाची प्रत जोडलेली नसते. किंवा 'चार्ज फार जास्त आहेत' एवढंच लिहिलेलं असतं, आणि दर ठरवणं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यात लोकपाल पडत नाहीत. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच ओळीत परिपत्रकाची तारीख आणि मोडलेली अट लिहा: 'सूचनेशिवाय दंड, अमुक महिने, एकूण इतके रुपये.' सोबत उतारा, तक्ता, शिक्क्याची प्रत. बस.

वकीलगल्ली

ग्राहक आयोगात आधी गेलात तर त्याच विषयावर लोकपालाकडे जाता येत नाही, हे लक्षात ठेवा. काही हजारांच्या रकमेला आधी लोकपाल.

निफाडी_मणी

सहकारी बँक असेल तर? आणि पतसंस्था?

ग्राहकदूत

५० कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी असलेली नागरी सहकारी बँक लोकपालाच्या कक्षेत येते. पतसंस्थेला लोकपालही नाही आणि रिझर्व्ह बँकेचे हे नियमही नाहीत. तिथे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज, आणि आधार संस्थेच्या पोटनियमांचा.

पंचवटीकर

मान्य, नुसतं भेटून भागत नाही. पण शिक्का घ्यायला तरी मॅनेजरकडे जावंच लागेल, तेव्हा माझा मुद्दा अगदीच वाया गेला नाही :)

जमाखर्च

पैसे परत आले की लगेच तक्रार बंद करू नका, उतारा पाहा. मूळ दंड आणि जीएसटी या दोन नोंदी वेगळ्या येतात. १०८ आले आणि १९.४४ राहिले, असं होतं. काउंटरवर सांगतील की कर सरकारकडे गेला. पण जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत बँकेला क्रेडिट नोट (आकार परत केल्याची करनोंद) काढून तो कर वळता करून घेता येतो. मार्च २०२५ च्या दंडासाठी ही तारीख ३० नोव्हेंबर २०२५ होती. ज्यांचे अर्ज अजून घरात पडून आहेत त्यांनी ही मुदत डोळ्यांसमोर ठेवून, ज्या वर्षाची मुदत अजून संपलेली नाही त्या वर्षाच्या नोंदींचा अर्ज आधी द्यावा, त्याहून जुन्या महिन्यांचा वेगळा.